परमुलखात मिसळायचं कसं : गलाईवाल्यांकडून शिकण्यासारखं

अनोळखी माणसाच्या हाती कुणी सोनं देत नाही. तरीही विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव भागातून बाहेर पडलेल्या माणसांच्या हाती आज केरळपासून पंजाबपर्यंतचे सराफ निर्धास्तपणे सोनं देतात. गलाईचा हा धंदा. सराफाच्या दुकानातला केर, मोडीत आलेले दागिने, घडणावळीत उरलेला चुरा हे सगळं मुशीत घालून भट्टीत वितळवायचं, तेजाबानं इतर धातू वेगळे करायचे आणि शुद्ध सोनं-चांदी ज्याची त्याला परत करायची. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, सांगताना शब्द खोटा ठरला, तर त्या पेठेत दुसऱ्या दिवशी कुणी दारात उभं करणार नाही. दुष्काळानं गाव सोडायला लावलेली ही माणसं, भाषेचं एक अक्षर येत नसताना त्रिशूर, कोइमतूर, सेलम, अमृतसर, कोलकाता अशा शहरांत गेली आणि तिथल्या बाजाराची झाली. मुलं तमिळ किंवा मल्याळम बोलत शाळेत वाढली, आणि घरात मात्र ज्वारीची भाकरी आणि माणदेशी बोली तशीच राहिली.

परदेशी जाताना ‘तिथल्या लोकांत मिसळायचं कसं’ असं आपल्याकडं कुणी विचारलं, तर मी आधी या मंडळींकडं बोट दाखवतो. त्यांच्या वागण्यात एक सूत्र आहे. आपण आल्यामुळं तिथल्या माणसाला स्वतःचं वागणं बदलावं लागू नये, एवढं त्यांनी सांभाळलं. मिसळणं याचा अर्थ मी एवढाच घेतो. तुमच्या कपड्यांवरून, रंगावरून, बोलण्यावरून तुम्ही बाहेरचे आहात हे कळणारच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. रांगेत, बसमध्ये, जिन्यात, दुकानाच्या गल्ल्यासमोर तुमच्यामुळं कुणाचा खोळंबा झाला नाही, कुणाला दोनदा सांगावं लागलं नाही, की तो माणूस तुम्हाला आपल्यात धरतो.

म्हणून पेहरावाची फार चिंता करू नका. सातारा-सांगलीकडचे कितीतरी आजोबा गांधीटोपी घालून आणि आज्या नऊवारी नेसून परदेशात मुलांकडं जातात, आणि जावंच. अंगात पहिल्यांदाच जीन्स घालून अवघडून चालणाऱ्या माणसापेक्षा रोजच्या धोतरात सहज वावरणारा माणूस कुणाच्याही नजरेला बरा वाटतो. कपड्यांबाबत दोनच गोष्टी पाळा. एक, थंडीसाठी नीट कोट आणि भरपूर चालता येईल असे बूट. दुसरी, देवळात किंवा चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले. थायलंडच्या बुद्धविहारांत आणि इटलीच्या मोठ्या चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी आलेल्यांना दारातूनच परत पाठवतात. सहलीत सगळ्यांना सारख्या टोप्या वाटल्या असतील, तर त्या विमानतळावर माणसं हरवू नयेत म्हणून वापरा आणि गावात फिरताना पिशवीत ठेवा. तीस सारख्या टोप्या दिसल्या की दुकानदार तुमच्याशी बोलणं सोडून विकायला लागतो.

आपली ओळख न सोडता परक्यांच्या रीती हाती घेणारा एक थोर माणूस साताऱ्यानंच दिला. १८३९ साली इंग्रजांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, सुमारे १४ वर्षं, तिथंच झगडत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभा, अर्ज, छापील निवेदनं, सहानुभूती असणाऱ्या इंग्रज वक्त्यांना सगळी हकिगत समजावून देणं, ही तिथल्या राजकारणाची साधनं त्यांनी वापरली. मागणी साताऱ्याची होती, पण ती मांडायची पद्धत लंडनची होती. यश आलं नाही, तरी सातारचा प्रश्न इतकी वर्षं त्या सभांतून जिवंत राहिला तो या मेहनतीमुळं.

दुसरं उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरचं. खाशाबा जाधव लाल मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदाच मॅटवर उतरले. पायाखालची जमीन वेगळी होती आणि गुणांचे नियमही वेगळे. तिथं रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून शिकत त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पुढची चार वर्षं मेहनत करून १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माती चांगली की मॅट, हा वाद घालत ते बसले नाहीत. परदेशात गेल्यावर ‘आमच्याकडं असं नसतं’ हे वाक्य जितकं कमी तोंडात येईल तितकं बरं.

पिशवी भरताना

मिसळण्याची सुरुवात घरी पिशवी भरताना होते, कारण पहिली गाठ विमानतळावरच्या जकात अधिकाऱ्याशी पडते. आपल्याकडं पाहुण्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, घरचा कांदा-लसूण मसाला हे सगळं लेकीसाठी, सुनेसाठी बांधलं जातं. त्यामागची माया मला पूर्ण कळते. पण काही देशांत यातल्या वस्तू कचऱ्यात जातात आणि वर दंड होतो.

ऑस्ट्रेलियात भारतातून दुधाचे पेढे-बर्फी नेता येत नाहीत. जनावरांच्या रोगांची त्यांना धास्ती आहे आणि ती रास्त आहे, त्यांची सगळी पशुशेती त्यावर अवलंबून आहे. युरोपीय संघातल्या देशांतही बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात बुटांना लागलेली माती सुद्धा तपासतात, तेव्हा शेतातले बूट घासून धुऊनच न्या. विमानात जो अर्ज मिळतो त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू ‘आहे’ म्हणून लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेली सापडली की दंड ठरलेला.

दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. दिवाळीचे अनारसे, घरी कुटलेला मसाला, खसखशीची खीर करायची म्हणून बांधलेली पुडी, यातलं काहीही नेऊ नका. मसाला न्यायचाच तर खसखस न घालता वेगळा कुटा. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवरही तिथं निर्बंध आहेत. डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा आणि आधी त्यांच्या नियमांत औषधाचं नाव तपासून घ्या. सिंगापूरला तंबाखू, गुटखा, खैनी यांपैकी चघळायचं काहीही चालत नाही, च्युइंगमसुद्धा नेता येत नाही. ज्यांना तंबाखू मळायची सवय आहे त्यांनी प्रवासाच्या आधी महिनाभर डॉक्टरशी बोलून ती सोडायचा प्रयत्न करावा. परदेशात रस्त्यावर थुंकणाऱ्या माणसाला कुठलाच समाज जवळ करत नाही.

आधी नमस्कार, मग काम

गलाईचा धंदा शिकायला गेलेला मुलगा तिथली भाषा पुस्तकातून शिकत नाही. आधी आकडे शिकतो, मग वजनं, मग ‘या, बसा, थांबा, उद्या या’, मग माणसांची नाती. हाच क्रम तुम्हीही धरा. निघण्याआधी त्या भाषेतले एक ते वीस आकडे, नमस्कार, धन्यवाद, माफ करा आणि ‘मला कळलं नाही’ एवढं पाठ करा. यूट्यूबवर उच्चार ऐकता येतात. नातवंडांना सोबत घेऊन बसा, त्यांना मजा वाटेल.

नमस्काराचं महत्त्व देशोदेशी वेगळं आहे. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना ‘बाँजूर’ म्हटलं नाही आणि थेट वस्तू मागितली, तर दुकानदाराला तो अपमान वाटतो. पॅरिसचे लोक तुसडे असतात असं आपले प्रवासी सांगतात, त्यातला बराच भाग या एका शब्दानं मिटतो. थायलंडमध्ये आपल्यासारखेच हात जोडतात, तेव्हा समोरच्यानं जोडले की तुम्हीही जोडा. मात्र कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान मुलाच्याही नाही, आणि पाय कुणाच्या दिशेनं पसरून बसू नका. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला तिथं स्थानकांवर, बागांत राष्ट्रगीत लागतं आणि चालणारे लोक जागच्या जागी थांबतात. तुम्हीही थांबा.

आपण घरच्या माणसांना दर वेळी ‘आभारी आहे’ म्हणत नाही. चहा दिला, पाणी दिलं, तर मान हलवतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र बसचालकापासून कपबशी उचलणाऱ्या मुलापर्यंत सगळ्यांना ‘थँक यू’ म्हणतात, आणि मागताना ‘प्लीज’ लावतात. ते न म्हणणं त्यांना उद्धट वाटतं. जिभेला वळण लागायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून घरीच सुरू करा. मान हलवण्याचंही सांभाळा. आपली आडवी डुलणारी मान ‘हो’ म्हणते, परक्याला ती ‘नाही’ किंवा ‘बघू’ वाटते. तोंडानं स्पष्ट हो-नाही म्हणा.

प्रश्नांबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण इथं आपली माणसं अडकतात आणि त्यांचा हेतू तर चांगलाच असतो. आपल्या भागात ‘पाव्हणं, गाव कुठलं?’ या प्रश्नानं ओळख सुरू होते, पुढं मुलंबाळं किती, नोकरी कुठं, पगार किती इथपर्यंत ती पाच मिनिटांत पोहोचते. आपल्याला त्यात आपुलकी वाटते. युरोप-अमेरिकेत पगार, वय, लग्न झालं का, मूल का नाही, हे प्रश्न जवळचा मित्रही जपून विचारतो. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या सावळ्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आयुष्यभर टोचलेला असतो, तो पहिल्या भेटीत टाळाच. मग बोलायचं काय? हवामान, त्याचा कुत्रा, बागेतली झाडं, फुटबॉल, जवळची चांगली बेकरी. शेतकरी असाल तर शेतीबद्दल विचारा. पीक, पाऊस, बाजारभाव यावर शेतकरी जगात कुठंही बोलतो. द्राक्ष बागायतदारानं इटलीतल्या किंवा फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात छाटणीविषयी विचारावं, समोरचा माणूस घड्याळ बघायचं विसरेल.

आवाज, रांग आणि जिना

रानात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारणाऱ्यांचा आवाज मोठाच असतो. त्यात वाईट काही नाही, पण टोकियोच्या लोकलमध्ये तो चालत नाही. जपानी गाडीत शेकडो माणसं असतात आणि तरी शांतता असते, फोनवर बोलणंही टाळतात, फोन आवाज बंद करूनच ठेवतात. घरच्यांना व्हिडिओ कॉल करायचा तर स्थानकाबाहेर उतरून करा. फोन स्पीकरवर ठेवून बोलण्याची सवय तर कुठल्याच देशात कुणाला आवडत नाही. सहलीच्या बसमध्ये गाणी-भेंड्या खुशाल खेळा. सार्वजनिक गाडीत मात्र शेजारच्याला ऐकू येईल एवढंच बोला.

रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवा. आपल्याकडं अंतर ठेवलं की मधे कुणी घुसतो, म्हणून आपण चिकटून उभं राहतो. तिथं कुणी घुसत नाही. एका माणसानं रांगेत उभं राहून मागून दहा जणांना बोलावून घेणं हेही घुसणंच आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेत सरकत्या जिन्यावर उजवीकडं उभं राहायचं, डावी बाजू घाईत असणाऱ्यांना मोकळी. टोकियोत डावीकडं उभे राहतात आणि ओसाकात उजवीकडं. लक्षात राहिलं नाही तर पुढचे चार जण काय करतात ते बघा. परदेशात वागण्याचा प्रश्न पडला की अर्धा मिनिट कडेला थांबून बघणं, हा माझ्या मते सगळ्यात मोठा उपाय आहे.

नेदरलँड्समध्ये रस्त्याकडेची तांबडी पट्टी सायकलींची असते. त्यावर उभं राहून फोटो काढले की सायकलवाले घंटा वाजवतात, ओरडतातही, आणि त्यांचं चुकत नसतं. जर्मनीत रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबतात, विशेषतः आजूबाजूला लहान मुलं असतील तर. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवावा लागतो, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. दुबईच्या मेट्रोत खाणं, पिणं, च्युइंगम चघळणं यांना १०० दिरहम दंड आहे. पोरांच्या हातातला बिस्किटाचा पुडा आधीच बॅगेत टाका.

जेवणाची पंचाईत

शाकाहारी माणसाला परदेशात उपाशी राहावं लागतं, हा समज जुना झाला. शोधायचं कुठं हे मात्र माहीत पाहिजे. आग्नेय आशियात बौद्ध शाकाहाराची मोठी परंपरा आहे. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली, इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसणारी, की समजा तिथं ‘जे’ जेवण मिळतं. त्यात मांस-मासे-अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. सांगलीकडच्या जैन कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं, बटाटा-गाजराचं तेवढं विचारून घ्यावं. व्हिएतनाममध्ये पाटीवर रोमन लिपीत ‘चाय’ लिहिलेलं असतं, म्हणजे शाकाहारी. तिथले पुष्कळ लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार करतात, त्या दिवशी साध्या खानावळीतही असं जेवण मिळतं. आपल्या एकादशीची गोष्ट त्यांना सांगितली तर लगेच कळते. जपानमध्ये मात्र जपून. भाजीच्या सुपातही माशांचं पाणी असतं, तेव्हा ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, मासेही नको असं लिहून घेऊन दाखवा.

सहलीत डबे उघडून धपाटे-चटणी खाणं मला मनापासून आवडतं. फक्त जागा बघा. दुसऱ्याच्या हॉटेलात टेबल अडवून घरचा डबा उघडू नये, बागेतल्या बाकावर खुशाल उघडावा. रोज एक जेवण तरी तिथलं घ्या, तेही पर्यटकांसाठी चार भाषांत छापलेल्या मेनूच्या हॉटेलात नव्हे, तर जिथं दुपारी कामगार आणि कचेरीतली माणसं जेवतात तिथं. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये रिकाम्या टेबलावर रुमालांचं छोटं पाकीट पडलेलं दिसलं तर ते कुणी विसरलेलं नाही. ती जागा धरलेली आहे. तुम्हीही तसंच पाकीट ठेवून ताट आणायला जा. जेवण झाल्यावर ताट स्वतः उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं, २०२१ पासून ते तिथं सक्तीचं आहे.

बक्षिसीचा हिशेब देशागणिक उलटा होतो. अमेरिकेत वाढणाऱ्याला बिलाच्या १५ ते २० टक्के द्यायचेच, कारण त्याची कमाई त्यावरच असते, आणि किमतीच्या पाटीवर कर धरलेला नसतो हेही लक्षात ठेवा. जपानमध्ये बक्षिसी ठेवली तर तो मुलगा रस्त्यापर्यंत धावत येऊन पैसे परत देईल. घासाघीस मोठ्या दुकानांत करू नका, बँकॉक-हनोईच्या रस्त्यावरच्या बाजारात हसत-हसत करा, आणि भाव ठरला की माल घ्या. ठरवून पाठ फिरवणं तिथंही वाईट मानतात. दारू घेत नसाल तर संकोच कशाला, सरबताचा पेला उंचवा. जर्मनीत पेला उंचावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, पेल्यात काय आहे याला महत्त्व नाही.

न्हाणीघर आणि फोडणी

हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगतो. युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक न्हाणीघरांची जमीन कोरडी ठेवायची असते. तिला पाणी जायला मोरी नसते, कधी कधी गालिचाही असतो. आंघोळ टबात किंवा काचेच्या आडोशातच, पडदा टबाच्या आत घेऊन. बादली-तांब्यानं बाहेर आंघोळ केली की पाणी खालच्या मजल्याच्या छतातून उतरतं आणि मालक नुकसानभरपाई मागतो. शौचाला पाण्याची सोय नसते, तेव्हा एक छोटी बाटली सोबत ठेवा आणि जमीन पुसून बाहेर या. जपानी घरात दारातच बूट काढायचे, आपल्यासारखंच. संडासात जायच्या चपला वेगळ्या असतात, त्या तिथंच सोडायच्या. गरम पाण्याच्या टबात उतरण्याआधी बाहेर बसून अंग साबणानं धुऊन घ्यायचं, कारण ते पाणी घरातले सगळे वापरतात.

फोडणीचा धूर हा सगळ्यात नाजूक विषय. परदेशी घरांत छतावर धुराचे भोंगे असतात. मोहरी तडतडली, सुक्या मिरचीचा खाट उठला की भोंगा वाजतो आणि काही इमारतींत तर अग्निशमन दलाची गाडी येते. पंखा लावा, खिडकी उघडा, आच मध्यम ठेवा, स्वयंपाकघराचं दार बंद करा. ठेचा खलबत्त्यात कुटायचा तर दिवसा कुटा. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचे तास मानतात, आणि रविवारी दिवसभर. रविवारी तिथं दुकानंही बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवा. कचऱ्याच्या डब्यांचे रंग पहिल्याच दिवशी मुलाला विचारून भिंतीवर लिहून ठेवा. जर्मनीत पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात.

अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्यांसाठी

कृषी विभागाच्या दौऱ्यांतून आणि स्वखर्चानंही आपले शेतकरी नेदरलँड्स, इस्रायल, व्हिएतनाम इथं जातात. त्यांना एवढंच सांगणं आहे : हरितगृहात यजमानानं दिलेले पायमोजे आणि झगा घाला, हात धुवा, आणि विचारल्याशिवाय पान, फळ, कलम काहीही तोडू नका. आपल्या बागेत पान तोडून उलटं करून बघण्याची सवय हाताला लागलेली असते. पण तिथं एका परक्या हातावरून आलेला विषाणू सगळं पीक घालवू शकतो. वेळेआधी पाच मिनिटं पोहोचा. इस्रायलला शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ असतो, बहुतेक बस-रेल्वे थांबतात, कार्यक्रम तसा आखा. दुपारी नेदरलँड्समधला शेतकरी पाव आणि चीज देईल, तेच त्याचं रोजचं जेवण आहे. पाहुणचारात कमी पडला असं समजू नका.

मुलांकडं राहायला गेलेले आजी-आजोबा

सहा महिने राहणाऱ्यांची गोष्ट आठ दिवसांच्या सहलीपेक्षा वेगळी असते. पहिले पंधरा दिवस नवलाईत जातात, मग घर खायला उठतं. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. गलाईच्या गावांतून गेलेल्या बायकांनी या एकटेपणावर जो उपाय काढला तो साधा होता. त्या रोज त्याच भाजीवालीकडं गेल्या. पुन्हा पुन्हा एकाच जागी, एकाच वेळी दिसणाऱ्या माणसाची ओळख होतेच. तुम्हीही रोज सकाळी ठरल्या वेळी ठरल्या वाटेनं फिरा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. सार्वजनिक वाचनालयात जा, तिथं आत बसून वाचायला कुणी पैसे मागत नाही आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजी बोलायला शिकवण्याचे मोफत वर्गही असतात. शेजारच्या मुलाचा गालगुच्चा घेऊ नका, त्याला उचलू नका, त्याचा फोटो काढू नका. आईवडिलांना विचारून खाऊ द्या, कारण शेंगदाण्याचं वावडं असलेली मुलं तिथं पुष्कळ आढळतात आणि आपल्या भागातल्या चटणी-लाडवात शेंगदाणा हमखास असतो.

महाराष्ट्र मंडळांचा आधार जरूर घ्या. लंडनचं मंडळ न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं १९३२ मध्ये सुरू झालं, अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे. गणपती-दिवाळीला तिथं जीव रमतो. पण सगळा आठवडा मराठी घरांतच गेला, तर सहा महिने राहूनही तुम्ही त्या देशात गेलेलाच नसता.

आणि मिसळायचं कुणात, हाही प्रश्न आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातले अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये भारताचे कमिशनर म्हणून नैरोबीला गेले. तेव्हा केनियात गोरे वर, मधे हिंदी व्यापारी आणि खाली आफ्रिकन अशी उतरंड होती. अप्पासाहेबांनी आफ्रिकन पुढाऱ्यांशी मैत्री केली, तिथल्या मुलांना भारतात शिकायला येता यावं म्हणून शिष्यवृत्त्यांना पाठबळ दिलं, आणि हिंदी लोकांनी त्या मातीच्या माणसांबरोबर उभं राहावं, असं सांगत राहिले. ब्रिटिशांना ते खुपलं, १९५४ मध्ये त्यांना तिथून हलवावं लागलं. आजही आपले काही प्रवासी गोऱ्या माणसासमोर अदबीनं वागतात आणि काळ्या रखवालदाराशी, फिलिपिनो वाढपिणीशी, बांगलादेशी टॅक्सीवाल्याशी तुटक बोलतात. मला याचं फार वाईट वाटतं. दुबईत खोली झाडणारा मुलगा घर सोडून आलेला असतो, आपल्या गलाईवाल्यांसारखाच. त्याला नाव विचारा, गाव विचारा. इथं आपला ‘पाव्हणं, गाव कुठलं?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे, त्याला तो आवडतो. शहरात स्वस्त आणि चांगलं जेवण कुठं मिळतं हे कुठल्याही ॲपपेक्षा तो नीट सांगेल.

एवढी काळजी घेऊनही चुका होतील. झाली तर लगेच ‘सॉरी’ म्हणा, कारणं देत बसू नका, दंड असेल तर पावती घेऊन भरा. अधिकाऱ्याशी हुज्जत घालू नका आणि चुकूनही चिरीमिरी पुढं करू नका, तो मोठा गुन्हा ठरतो. पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत जवळ ठेवा; राहत्या जागेचा तिथल्या भाषेतला पत्ता आणि भारतीय दूतावासाचा फोन नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवा. मोबाईलमध्ये असलं तरी कागदावर ठेवाच, बॅटरी संपते. तोच कागद टॅक्सीवाल्याला दाखवता येतो, आणि वाट चुकलेल्या आजोबांना घरी पोहोचवायला रस्त्यातला कुणीही माणूस त्यावरून मदत करू शकतो.